तक्त्यातील दोन रकाने

कवठे महांकाळजवळच्या एका शाळेत विषारी सापांचा तक्ता आम्ही पाहिला. असे तक्ते सर्वत्र असतात. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर, घोणस व फुरसे यांचे रक्तावर. असे दोन रकाने. पाठांतराला सोयीचे, पण आमचा त्याला आक्षेप आहे. घोणस चावलेल्या माणसाचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, एक बाजू लुळी पडली, तर तक्ता पाठ असलेला विद्यार्थी म्हणेल की याचा सापाशी संबंध नाही. प्रत्यक्षात तो मेंदूतील रक्तस्राव असू शकतो.

घोणस सापाच्या विषातील काही विकरे रक्त गोठवणारे घटक भराभर कामाला लावून संपवून टाकतात. मग रक्त गोठतच नाही. दुसरी विकरे केशवाहिन्यांच्या भिंतीचा आधारच कुरतडतात. ही भिंत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम रेघेसारखी दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने रीस व कार्नोव्स्की यांनी १९६७ साली उंदराच्या मेंदूत दाखवले, की तेथील अस्तरपेशींच्या सांध्यांतून प्रथिनाचा रेणूसुद्धा पार होत नाही. रॅटलस्नेक या अमेरिकी सापाचे विष टोचल्यावर अस्तरपेशीच फाटतात व तांबड्या पेशी बाहेर पडतात, हे ओन्बी व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले. मात्र ते उंदराच्या स्नायूत, मेंदूत नव्हे. हा फरक लोकप्रिय पुस्तके सहसा गाळतात.

त्यांतील रंगीत छायाचित्रांविषयीही बोलले पाहिजे. इलेक्ट्रॉनांना रंग नसतो. तो मागाहून भरलेला असतो. शिवाय काप सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा. तांबड्या पेशीचा व्यास साडेसात मायक्रॉन धरला, तर तो पार करायला असे शंभर काप लागतील. त्यांतल्या एकावरून ‘येथे भोक पडले’ म्हणणे धाडसाचे आहे. (हे गणित नववीच्या वर्गात जरूर घालावे.)

पहिला रकानाही पुरा नाही. श्रीलंकेत व दक्षिण भारतात घोणसदंशानंतर पापण्या मिटू लागल्याच्या नोंदी आहेत.

दवाखान्यात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर विष भिनले असे समजतात. प्रतिविष रक्तातले विष निष्प्रभ करते, मेंदूत आधीच साचलेले रक्त काढत नाही. म्हणून तक्ता बदलून येईपर्यंत गुरुजींनी घोणस व फुरसे यांच्यापुढे पेन्सिलीने ‘मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो’ एवढे लिहून ठेवावे.