गाळणपटलांचा रासायनिक टिकाऊपणा : दावे आणि कसोट्या यांची चिकित्सा

प्रस्तावना

औद्योगिक सांडपाण्याच्या शुद्धीकरणात मेम्ब्रेन म्हणजेच गाळणपटलाला आज मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. या विषयावरील संशोधनलेखनात ‘रासायनिकदृष्ट्या टिकाऊ’ हे विशेषण सर्रास योजले जाते. तथापि हा टिकाऊपणा कोणत्या पाण्यात, किती काळ आणि कोणत्या कसोटीवर सिद्ध झाला, याची चिकित्सा अभावानेच आढळते. ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप

तमिळनाडूतील तिरुपूरच्या रंगाई उद्योगाचे उदाहरण येथे बोलके ठरते. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढविण्यासाठी भरपूर मीठ किंवा सोडियम सल्फेट आणि रंग पक्का करण्यासाठी सोडा लागतो. विरंजनातील ऑक्सिडीकारक द्रव्येही पाण्यात उरतात. अशा सांडपाण्याने नोय्यल नदी दूषित झाल्यामुळे मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये शून्य द्रव विसर्गाची अट न पाळणारे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. ही अट पाळण्याचा मुख्य आधार व्यस्त परासरणाचे, म्हणजे ‘आरओ’चे पटल हाच होय. त्यामुळे पटलाचे आयुष्य हा केवळ प्रयोगशाळेचा विषय राहत नाही. कारखान्याचे अस्तित्व, कामगारांची रोजी आणि नदीकाठची शेती त्यावर अवलंबून असते. पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीतील वस्त्रोद्योगालाही हा प्रश्न परका नाही.

पटलाची दुर्बलता

१९६० च्या सुमारास लोब आणि सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे पटल घडविले. ते थोडा क्लोरीन सहन करीत असे, परंतु सौम्य आम्लधर्मी पाण्याबाहेर त्याचे जलअपघटन होई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅडॉट यांनी विकसित केलेल्या पॉलिअमाइड पटलाने ही मर्यादा ओलांडली आणि क्षार रोखण्यातही ते सरस ठरले. मात्र त्यातील अमाइड बंध हेच क्लोरीनचे लक्ष्य होते. क्लोरीन प्रथम नायट्रोजनवर आणि पुढे बेंझीन वलयावर बसतो व साखळी दुबळी होते. म्हणून पाण्यातील मुक्त क्लोरीन ०.१ पीपीएमच्या आत ठेवण्याची सूचना उत्पादक देतात. त्यासाठी सोडियम बायसल्फाइट घालून क्लोरीन नष्ट करावा लागतो. परिणामी निर्जंतुक न राहिलेल्या पटलावर जिवाणूंचा थर वाढतो. तो काढण्यासाठी पुन्हा तीव्र आम्ल व अल्कलीची धुलाई येते आणि पटल आणखी झिजते.

यावरील उपायांचेही गुणदोष आहेत. पिपरॅझिनपासून बनविलेल्या पॉलिअमाइडमध्ये अमाइड नायट्रोजनवर हायड्रोजन नसल्याने क्लोरीनचा हल्ला मंदावतो, परंतु मीठ रोखण्याची क्षमता उणावते. २००८ मध्ये पार्क, फ्रीमन, मॅकग्रा आणि सहकाऱ्यांनी अमाइड बंधच नसलेले सल्फोनेटेड पॉलिसल्फोन पुढे आणले. त्याची क्लोरीन-सहिष्णुता लक्षणीय होती, तरी प्रचलित पॉलिअमाइडची जागा त्याला घेता आलेली नाही. अ‍ॅल्युमिना वा झिर्कोनियाची सिरॅमिक पटले तीव्र आम्ल-अल्कलीत टिकतात, पण ती महाग असून विरघळलेले मीठ रोखत नाहीत. त्यांचे स्थान पूर्वगाळणीचे आहे.

कसोट्यांतील दोष

खरा आक्षेप मोजमापाच्या पद्धतीवर आहे. क्लोरीनची तीव्रता आणि काळ यांचा गुणाकार करून ‘पीपीएम-तास’ सांगण्याचा प्रघात आहे. त्यानुसार २००० पीपीएममधील एक तास आणि १ पीपीएममधील २००० तास समान ठरतात. हे गृहीतक तपासण्याजोगे आहे. पाण्याचा सामू सुमारे ७.५ च्या खाली असता हायपोक्लोरस आम्ल प्रबळ असते, तर त्यावर हायपोक्लोराइट आयन प्रबळ होतो. दोहोंची क्रियाशीलता भिन्न आहे. सामू न सांगता दिलेला आकडा म्हणूनच अपुरा ठरतो. लोहासारखे धातू ऱ्हासाचा वेग वाढवितात, हेही शुद्ध द्रावणातील चाचणीत दिसत नाही. शिवाय अल्कधर्मी द्रावणात झिजलेले पटल कित्येकदा अधिक पाणी देते. केवळ प्रवाहदर पाहणारा त्यास यश समजेल, परंतु त्याच वेळी मीठही पलीकडे जात असते.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाच्या अर्थाविषयी आहे. पीव्हीडीएफसारखी फ्लोरिनयुक्त बहुवारिके क्लोरीनला बऱ्यापैकी तोंड देतात. तीव्र अल्कलीत मात्र त्यांतून हायड्रोजन फ्लोराइड निघून ती तपकिरी पडतात. २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी मांडलेल्या निर्बंध-प्रस्तावात अशा बहुवारिकांचाही समावेश झाला, तो ती निसर्गात दीर्घकाळ टिकतात म्हणून. जो गुण संयंत्रात हवा, तोच कचराभूमीत दोष ठरतो.

निष्कर्ष

टिकाऊपणा हा पदार्थाचा निरपेक्ष गुण नसून पाणी, धुलाई आणि काळ यांच्या संदर्भातील गुण होय. म्हणून प्रत्यक्ष सांडपाण्यात, आम्ल-अल्कली धुलाईच्या आवर्तनांसह चाचणी व्हावी. सामू व धातूंचे प्रमाण नोंदविले जावे. प्रवाहदराबरोबर क्षार रोखण्याची क्षमताही शेवटपर्यंत मोजली जावी. आणि निकामी पटलाची विल्हेवाट रचनेच्या वेळीच विचारात घ्यावी. या अटींविना केलेला दावा कारखानदाराला खर्चात आणि नदीला प्रदूषणात मोजावा लागतो.