वामन, भेंडवळ आणि सोयाबीनचा उतारा

यंत्राला बुद्धी आली तर माणसाचे काय होईल, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी तो 'वामन परत न आला' या कादंबरीत विचारला, तेव्हा आपल्या बहुतेक शाळांनी संगणक पाहिलाही नव्हता. जमिनीखाली एक पेटी सापडते. तिच्यात लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान असते. त्याच्या आधारे आपले वैज्ञानिक वामन नावाचा यंत्रमानव घडवतात. हा वामन पुढे आपल्यासारखेच वामन निर्माण करू पाहतो, आणि ती जुनी संस्कृती याच वाटेने लयाला गेली होती, हे उलगडत जाते. नावाची योजना मार्मिक आहे. बटूला तीन पावले जमीन बळीने आपखुशीने दिली होती. दानाचे पाणी त्याच्याच हातून सुटले होते.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. आज कादंबरी पुन्हा वाचताना आम्हाला तिची एक मर्यादा जाणवते. तिच्यातला धोका यंत्राच्या इच्छेतून येतो. वामनाला काहीतरी हवे आहे, म्हणून तो भयंकर. आपल्या दारात आलेल्या यंत्राला मात्र काहीच नको आहे, आणि तरीही ते माणसाचे नुकसान करू शकते.

बुलढाण्याचेच उदाहरण घेऊ. हा सोयाबीन-कपाशीचा जिल्हा. पंतप्रधान पीकविमा योजनेत उत्पादन ठरवण्याची जुनी रीत म्हणजे पीक कापणी प्रयोग: ठरलेल्या प्लॉटमधले पीक कापायचे, मळायचे, सर्वांसमक्ष काट्यावर तोलायचे. २०२३च्या खरिपात भातासाठी आणि २०२४च्या खरिपात सोयाबीनसाठी त्याच्या जोडीला उपग्रहाच्या आधारे काढलेला अंदाज आला आणि त्याला किमान ३० टक्के भार देण्याचे ठरले. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते व अवरक्त परावर्तित करते. या दोहोंच्या प्रमाणावरून पिकाची वाढ कळते आणि संगणक मागील वर्षांच्या आकड्यांशी ताडून उताऱ्याचा अंदाज बांधतो. कल्पना चांगली आहे. कापणी प्रयोगातही हात ओले होतात, हे गावात कोणाला सांगायला नको. पण सोयाबीन नुसतेच माजले, पाने हिरवीगार आणि शेंगा भरल्याच नाहीत, असेही होते. वरून ते पीक झकास दिसते. भर पावसाळ्यात ढग आडवे येतात ते वेगळेच.

अंदाज चुकला तर उत्तर द्यायचे कोणी? काटा खोटा असेल तर शेतकरी तिथेच काट्यावर बोट ठेवू शकतो. इथे उपग्रह चालवणारा, प्रतिमान बनवणारा, ते स्वीकारणारे खाते आणि विमा कंपनी असे चार जण आहेत, आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. तेव्हा हा प्रश्न एका पिकापुरता उरत नाही.

भाकिताची सवय या जिल्ह्याला जुनीच आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कसे हलले ते पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. पण इथे एवढे तरी आहे की सांगणारा माणूस समोर असतो आणि पुढच्या वर्षी लोक त्याला गाठू शकतात.

भाकितांची परीक्षा कशी घ्यावी, हेही नारळीकरांनीच दाखवले, आणि आम्हाला ते कादंबरीपेक्षा मोलाचे वाटते. २००८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कोणाची ते सांगितले. उत्तरे सुमारे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. कसोटीचा सगळा जीव त्या नाण्यात आहे. नुसते 'इतके टक्के बरोबर' म्हणणे पुरत नाही, कशाच्या तुलनेत ते सांगावे लागते.

हीच कसोटी घटाला लावावी आणि उपग्रहालाही. 'सर्वसाधारण पाऊस' हे भाकीत कधी चुकूच शकत नाही, म्हणून ते परीक्षेलाच बसत नाही. मुलांनी अक्षय्य तृतीयेला भेंडवळचे शब्द वहीत उतरवावेत, कोणत्या पावसाला 'साधारण' म्हणायचे ते मिलिमीटरमध्ये आधीच ठरवावे आणि दसऱ्यानंतर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाशी ताडावे. जोडीला एक तिसरे 'भाकीत' हवे: गेल्या दहा वर्षांची सरासरी. तिला हरवता येत नसेल, तर घट काय आणि संगणक काय, दोघांची फी वाया.

सोयाबीनच्या अंदाजासाठी मात्र शाळेची वही पुरणार नाही. मंडळातल्या कापणीचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा, दोन्ही शेतकऱ्याला शेजारी शेजारी दिसायला हवेत, तेही नुकसानभरपाई जाहीर होण्यापूर्वी. त्याला ग्रामपंचायतीच्या फळ्याएवढी जागा लागते.