‘कारण अज्ञात’ म्हणजे नेमकं कुणाला अज्ञात?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या डेटाशीटमध्ये ‘निदान’ नावाचा एक रकाना होता. ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले, त्यांच्यापुढे ‘कारण अज्ञात’ लिहून मी मोकळी झाले. गाइड मॅडमनी एकच विचारलं, “टेस्ट कोणत्या केल्या होत्या?” फाइली उघडल्या तर काहींच्या फक्त पीटी, एपीटीटी आणि प्लेटलेट काउंट! म्हणजे कारण अज्ञात नव्हतं, ते कुणी शोधलंच नव्हतं.

तुम्ही या विषयात येणार असाल तर आधी हे पक्कं करा. पीटी आणि एपीटीटी या चाचण्या रक्ताची गुठळी धरायला लागली की थांबतात. फॅक्टर १३ चं काम त्यानंतर सुरू होतं, गुठळी घट्ट विणण्याचं. त्यामुळे तो कमी असला तरी दोन्ही रिपोर्ट छान नॉर्मल येतात. शिवाय या चाचण्या प्लाझ्मावर होतात. त्यातून प्लेटलेट आधीच बाजूला काढलेल्या असतात, म्हणून त्यांच्या कामातला दोष इथे दिसणार नाही. व्हॉन विलेब्रांड फॅक्टर तर ताणात आणि गरोदरपणात वाढतो. एकदाच मोजून ‘नाही’ म्हणणं घाईचं.

आता दोन पेपर घेऊ. पहिला व्हिएन्ना ब्लीडिंग बायोबँकचा, २०१८ चा. सौम्य ते मध्यम रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या ४०० हून जास्त रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना, तपशीलवार चाचण्या करूनही, निदान मिळालं नाही. हा आकडा सगळे उचलतात. पण हे तज्ज्ञ केंद्रात पाठवलेले रुग्ण आहेत, त्यातही बहुसंख्य स्त्रिया. तो टक्का सगळ्या समाजाला लावता येणार नाही. माझ्या मते या पेपरातली खरी महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे: निदान झालेले आणि न झालेले, यांच्या रक्तस्रावाच्या तीव्रतेत फरक नव्हता. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल, पण त्रास तेवढाच.

दुसरा पेपर ‘ब्लड’मधला, २०१९ चा, थ्रोम्बोजीनोमिक्स प्रकल्पाचा. २,३९६ रुग्णांची जनुकं तपासली. प्लेटलेट, रक्त गोठणं किंवा थ्रोम्बोसिसचा ठरावीक विकार असलेल्यांत ४९.२ टक्के निदान मिळालं. चाचण्या नॉर्मल पण रक्तस्राव होतोय, अशांत फक्त ३.२ टक्के. नकारात्मक निकाल इतका स्पष्ट मांडला, याचं कौतुकच. पण यावरून ‘यांचा आजार आनुवंशिक नाही’ असं कुणी म्हणालं तर थांबवा. पॅनेलमध्ये होती ती आधीच माहीत असलेली जनुकं. त्यातली बरीच सापडली कशी? तर ज्यांच्या चाचण्या बिघडलेल्या होत्या, अशा कुटुंबांमधून. मग चाचण्या नॉर्मल असलेल्यांत ती फारशी सापडली नाहीत, यात नवल काय? दिवा जिथे आहे तिथेच आपण किल्ली शोधतोय.

म्हणून असा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी ‘पद्धती’ वाचा. रक्तस्राव कसा मोजला, आयएसटीएच-बॅटचा स्कोअर किती घेतला? (प्रौढ पुरुषांत ४, स्त्रियांत ६ आणि मुलांत ३ पासून पुढे तो असामान्य धरतात.) कोणत्या चाचण्या केल्या, कोणत्या पुन्हा केल्या, कोणत्या उपलब्धच नव्हत्या? दोन पेपरांतली यादी वेगळी असेल, तर त्यांचे ‘अज्ञात’ रुग्णही वेगळे. त्यांची बेरीज करू नका.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही बरं का. पाळीत दर महिन्याला अति रक्तस्राव होणाऱ्या बाईला आपण ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी पाठवतो, आणि उद्या तिचं बाळंतपण किंवा ऑपरेशन असतं. तिथल्या डॉक्टरांना ‘काही नाही’ आणि ‘सापडलं नाही’ यातला फरक कागदावर दिसायला हवा.

माझ्या शीटमध्ये आता ‘निदान’च्या शेजारी आणखी एक रकाना आहे: ‘काय तपासलं नाही’. तुमच्या शीटमध्ये तो पहिल्या दिवसापासून ठेवा.