तात्या टोपे यांची जबानी : एक चरित्रसाधन

१८५७ च्या उठावातील सेनानींपैकी तात्या टोपे यांच्या हालचालींविषयी जितके लिहिले गेले, तितके त्यांच्या राजकीय भूमिकेविषयी लिहिले गेलेले नाही. त्यांच्या मोहिमांचा नकाशा रेखाटता येतो. पण त्या मोहिमा त्यांनी कोणत्या नात्याने चालविल्या, या प्रश्नाचे उत्तर बहुधा चरित्रकाराच्या मतावरून ठरते. अशा स्थितीत त्यांच्या स्वतःच्या जबानीचा विचार साधन म्हणून काटेकोरपणे होणे अवश्य आहे. पाडोणच्या जंगलात मानसिंगाच्या विश्वासघाताने ७ एप्रिल १८५९ च्या रात्री ते पकडले गेले. १० एप्रिल रोजी मुशेरीच्या छावणीत मेजर मीड याच्यासमक्ष त्यांची जबानी झाली, १५ एप्रिल रोजी लष्करी न्यायालयापुढे चौकशी झाली आणि १८ एप्रिल रोजी शिप्री येथे त्यांना फाशी देण्यात आले.

ही जबानी अभ्यासकांपुढे येते ती मुख्यतः इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. मॅलेसन याच्या इतिहासाच्या परिशिष्टात ती छापलेली आहे. त्यामुळे तिचे पहिले संस्कार स्थलनामांपासूनच करावे लागतात. पित्याचे नाव पांडुरंग, राहणार 'जोला', परगणा पाटोदा, जिल्हा नगर, असा तीत उल्लेख आहे. हे 'जोला' म्हणजे येवला होय. पाटोदा हे गाव येवल्याच्या परिसरातच आहे; आणि नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, तत्पूर्वी येवला नगर जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे भाषांतरात विकृत झालेले नाव परगण्याच्या व जिल्ह्याच्या उल्लेखांनी सावरले जाते. वयाची गोष्ट मात्र तशी नाही. जबानीत वय सुमारे पंचेचाळीस दिले आहे. त्यावरून जन्मवर्ष १८१४ येते. मॅलेसन स्वतः ते १८१२ च्या सुमारास धरतो. तेव्हा १८१४ हे वर्ष निश्चित म्हणून सांगण्यापेक्षा अंदाजाचे म्हणून सांगणे हेच शास्त्रशुद्ध ठरेल.

जबानीचे खरे महत्त्व तिच्या निवेदनपद्धतीत आहे. तात्या स्वतःला नानासाहेबांचे मुसाहेब म्हणवितात. कानपूरच्या प्रारंभीच्या घटना सांगताना नानासाहेब आणि आपण शिपायांच्या ताब्यात सापडलो, असा त्यांचा सूर आहे. ग्वाल्हेरच्या पलटणी फोडून आणल्या, त्या नानांच्या आज्ञेने. चरखारीच्या राजाकडून चोवीस तोफा आणि तीन लक्ष रुपये मिळविले, ही गोष्ट ते स्वतःच्या नावावर सांगतात; पण झाशीच्या राणीचे मदतीसाठी पत्र आले तेव्हा ते रावसाहेबांना कळविले आणि त्यांची अनुज्ञा मिळाल्यावर कूच केले, असेही नोंदवितात. न्यायालयापुढील बचावाचे सूत्र हेच होते : काल्पी पडेपर्यंत नानांच्या आणि पुढे रावसाहेबांच्या आज्ञेचे पालन केले; युरोपियनांच्या हत्येशी आपला संबंध नाही.

या मजकुराचे दोन अर्थ लावता येतात आणि दोन्ही अपुरे आहेत. नाशिकजवळील भगूरचे वि. दा. सावरकर यांच्या १९०९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने हा उठाव पूर्वसंकल्पित स्वातंत्र्ययुद्ध म्हणून मांडला. त्या दृष्टीने पाहिल्यास जबानी ही फाशीच्या छायेत दिलेली सावध साक्ष ठरते आणि तिच्यातील मौन हेच बोलके मानावे लागते. उलट र. चं. मजुमदार यांनी १९५७ मध्ये ही कल्पना नाकारली. त्यांच्या बाजूने पाहणाऱ्यास तीच जबानी योजनेच्या अभावाचा पुरावा वाटेल. पहिल्या वाचनात न सांगितलेले गृहीत धरले जाते. दुसऱ्यात कैद्याने शत्रूपुढे सांगितलेले जसेच्या तसे स्वीकारले जाते.

यांतून वाट काढण्यास 'आज्ञा' या शब्दाचा विचार उपयोगी पडतो. बचाव म्हणून तो सोयीचा होता, हे खरे. पण केवळ सोयीसाठी तो वापरला असेल, असे म्हणणे कठीण आहे. तात्यांचे कुटुंब बाजीराव दुसरे यांच्याबरोबर बिठूरला गेलेले. पेशव्यांची सेवा हीच त्यांची राजकीय ओळख. इंग्रजांच्या न्यायालयास आपण आपल्या धन्याचे सेवक आहोत असे सांगणे म्हणजे इंग्रज हे आपले धनी नव्हेत असे सांगणे होय. मॅलेसनलाही हा मुद्दा पटला होता. तात्यांच्या जन्मकाळी त्यांचा धनी स्वतंत्र राज्यकर्ता होता, या कारणाने त्याने शिक्षेच्या न्याय्यतेविषयी शंका व्यक्त केली. ज्या शब्दात पाहणाऱ्यास शरणागती दिसते, त्यातच सार्वभौमत्वाचा दावा दडलेला आहे.

तथापि या दाव्यालाही कृतीची कसोटी लावावी लागते. नोव्हेंबर १८५७ मध्ये कानपूरपाशी विंडहॅमला मागे रेटणारे तात्या ६ डिसेंबर रोजी कॅम्बेलपुढे आणि १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेच्या काठी ह्यू रोजपुढे पराभूत झाले. १ जूनला ग्वाल्हेर हाती आले, ते त्याच महिन्यात गेले. त्यानंतर सुमारे दहा महिने राजपुताना व माळव्यात चाललेली धावपळ आणि ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे टाकलेले पाऊल केवळ आज्ञापालनाने उलगडत नाही. रावसाहेब बरोबर होते. पण रोजच्या कूचाचा, नदीच्या उताराचा, तोफा टाकून देण्याचा निर्णय सेनापतीचाच असणार. नर्मदेपलीकडे पेशव्यांच्या नावाला अर्थ होता. तो जागविण्याची वेळ मात्र टळून गेली होती.

म्हणून तात्या टोपे यांच्या चरित्रात 'सेवक' आणि 'क्रांतिकारक' ही दोन पदे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. सेवकाच्या भाषेत ते बोलले आणि धन्याचे राज्य बुडाल्यावरही ते लढले. जबानी त्यांच्या भाषेचा पुरावा आहे; मोहीम त्यांच्या निर्णयशक्तीचा. एकीवरून दुसरीचा निकाल लावणारे चरित्र त्यांना एकतर आज्ञाधारक कारभारी ठरवील, नाहीतर त्यांनी कधीही न उच्चारलेले विचार त्यांच्या तोंडी घालील.