गौडाला बढती मिळते तेव्हा

मालिकेतली तिसरी रहस्यकादंबरी उघडणाऱ्या वाचकाला एक गोष्ट आधीच ठाऊक असते: नायक काही मरत नाही. (कॉनन डॉयलनी १८९३ मध्ये होम्सला मारून पाहिलं, वाचकांनी त्याला परत आणवलंच.) मग पुढचा भाग वाचायचा कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर असं, की मधल्या काळात त्या माणसाचं काय झालं हे पाहण्यासाठी.

बेंगळुरूत घडणारी अनिता नायर यांची इंग्रजी मालिका या बाबतीत निराश करत नाही. 'अ कट-लाइक वूंड'मध्ये (२०१२) बोरेई गौडा येतो तो पन्नाशीकडे झुकलेला, बुलेटवरून फिरणारा, खात्यात मागे पडलेला इन्स्पेक्टर म्हणून. दुसऱ्या 'चेन ऑफ कस्टडी'चा विषय लहान मुलांची तस्करी. तिसरी 'हॉट स्टेज' यायला २०२३ उजाडलं, आणि तीत गौडा एसीपी झाला आहे.

मुडगूड नावाचे वयोवृद्ध विवेकवादी प्राध्यापक घरात मृत सापडतात. उजव्या शक्तींवर सतत तुटून पडणारा माणूस. मराठी वाचकाला इथे खून झालेले दाभोलकर-पानसरे आठवणारच. धारवाडचे कलबुर्गी आणि बेंगळुरूतच घराच्या दारात मारल्या गेलेल्या गौरी लंकेशही. गौडाला मात्र खात्री असते, की हा खून दिसतो तसा राजकीय नाही. आपल्या ताज्या जखमेचा चकवा म्हणून वापर करणं काहींना खटकेल. मला ते धाडस आवडलं. बातम्या वाचून वाचून आपण निष्कर्ष आधीच काढून ठेवलेला असतो, आणि लेखिका नेमका तोच पकडते.

हरिणी नागेंद्र यांच्या मालिकेतल्या डिटेक्टिव्ह कावेरीची तऱ्हा वेगळी. 'द बंगलोर डिटेक्टिव्हज क्लब' २०२२ चं, कथाकाळ १९२१ चा. तिसऱ्या 'अ नेस्ट ऑफ वायपर्स'मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची धामधूम आहे. नागेंद्र स्वतः पर्यावरणशास्त्रज्ञ, त्यामुळे जुन्या शहराची झाडं-तळी विश्वासानं उभी राहतात. कावेरी गोड आहे, डॉक्टर नवरा रामू तर फारच समजूतदार. पुढच्या भागांत यांच्या संसारात जरा खणाखणी व्हावी असं वाटत राहतं. काळाचा तपशील भरगच्च, पण तो काळ या दोघांना फारसा बोचत नाही.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड कधी म्हातारा झाला नाही. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकाला त्याची सोयही नव्हती. वाचनालयातून हाताला लागेल ते पुस्तक कुठल्याही क्रमानं वाचता आलं पाहिजे, हीच तर अट. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंदही तसाच चिरतरुण. मराठीत गुडघे दुखणारा, बढती हुकलेला, तरी तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापर्यंत टिकलेला फौजदार मला वाचायचा आहे. हद्द पुण्याची दिली तरी चालेल, पण मधली वर्षं त्याच्या सर्व्हिस बुकात दिसली पाहिजेत.