ओवलेली संध्याकाळ

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या पावर हाउस भागातल्या मराठी घरांत दूरदर्शनचे ‘गजरा’ आणि ‘ज्ञानदीप’ त्यांच्या बहराच्या काळात पोचलेच नाहीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं खरं, पण इथं दिसायची ती दिल्ली. रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटांत कधीतरी मराठीची पाळी यायची, तेव्हा शेजारचं तेलुगू किंवा बंगाली बिऱ्हाडही येऊन बसायचं. पुढच्या रविवारी आपण त्यांच्या चित्रपटाला.

दूरदर्शनची खरी कला मला कुठल्या एका कार्यक्रमात दिसत नाही. ती क्रमात होती. शेती, बातम्या, मालिका, रात्री सतार. ‘चित्रहार’साठी आधीच जागा धरून बसलेल्या पोराच्या कानावर बियाणं आणि खतही पडायचं. नको असलेलं हव्या असलेल्याच्या शेजारी बसवायला धैर्य लागतं, आणि कानही लागतो.

हा कान कुठं कमी पडला, तेही याच मुलखात दिसलं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या रायपूर परिसरातली गावं होती. संध्याकाळी अडीच तास कार्यक्रम. शेती, आरोग्य, मनोरंजन, सगळं त्यात. पण राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश या तिघांना एकच हिंदी. विषय गावाचा असला तरी बोली गावाची नव्हती. विविधता केवळ विषयांची असून भागत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

छत्तीसगढी आवाज देशभर घुमला तो १९८८ मध्ये, श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मध्ये. महाभारताच्या भागांत पंडवानी, म्हणजे महाभारताची छत्तीसगढी गायनकथा, सांगायला तीजनबाई उभ्या राहिल्या. भिलाईजवळच्या गनियारीच्या, भिलाईच्याच पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या. हातातला तंबुरा क्षणात गदा व्हायचा. इतिहास सांगताना पंडवानीला साक्षीला बोलावणं, ही रचनाकाराची नजर.

आज सह्याद्री वाहिनी फ्री डिशवरून पावर हाउसमध्येही येते. जुनी ध्वनिचित्रमुद्रणं ती पुन्हा दाखवते, त्यातली काही सोन्याच्या मोलाची. तरीही तिची संध्याकाळ मला ओवलेली वाटत नाही. कार्यक्रम एकामागून एक येतात, पण एकमेकांना ओळख देत नाहीत. महाराष्ट्राबाहेरचं मराठी घर तर त्यांत शोधावंच लागतं.

आणि ओवायला साहित्य हाताशी आहे. तीजनबाईंसारखाच आपला कीर्तनकारही उभ्यानंच आख्यान लावतो. तोच भीम, तोच दुःशासन, तशीच मागं साथ करणारी मंडळी, मध्येच आजच्या दिवसावर मारलेली कोपरखळी. अर्धा तास पंडवानी, लगेच अर्धा तास कीर्तन, आख्यान दोन्हीकडे द्रौपदीवस्त्रहरणाचं. असा जोड एका संध्याकाळी लावलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. पावर हाउसमधल्या घरांना दोन्ही भाषा येतात. तिथं मधल्या वेळात कुणी उठणार नाही.