सागरी परिसंस्थांवरील संकटांचे अध्यापन : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना
धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे पदव्युत्तर जीवशास्त्राच्या वर्गात सागरी परिसंस्थांवरील संकटे हा घटक बहुधा दूरस्थ विषय म्हणूनच शिकविला जातो. प्रदूषण, अतिमासेमारी, प्रवाळांचे विरंजन, आम्लीकरण अशी यादी दिली जाते, कोकणात एक अभ्याससहल निघते आणि घटक पूर्ण झाला असे मानले जाते. या पद्धतीत संकटांची नावे कळतात. त्यांमागील कार्यकारणभाव कळत नाही.

प्रात्यक्षिकातील दोष
आम्लीकरण समजावताना शिंपला व्हिनेगरमध्ये ठेवून विरघळताना दाखविण्याची प्रथा आहे. व्हिनेगरचा सामू ३ च्या आसपास असतो. समुद्राच्या पृष्ठजलाचा सामू औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे ८.२ होता, तो आज सुमारे ८.१ आहे, म्हणजे समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. सामूची श्रेणी लघुगणकीय असल्याने ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ होय. कवचनिर्मितीस आवश्यक असलेले कार्बोनेट आयन त्यामुळे घटतात. हा मूळ मुद्दा उपर्युक्त प्रयोगात झाकला जातो.

नदीचा दुवा
जिल्ह्यातील तेरणा मांजरेला व मांजरा गोदावरीला मिळते. सीना आणि बोरी यांचे पाणी भीमेमार्फत कृष्णेत जाते. जिल्ह्याचे पाणी अशा रीतीने बंगालच्या उपसागराकडे वाहते, सहल मात्र अरबी समुद्राकडे जाते. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात पडणारा प्राणवायूच्या तीव्र टंचाईचा पट्टा मुख्यतः मिसिसिपीच्या खोऱ्यातील, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शेतांतील खतांमुळे निर्माण होतो. उसाच्या शेतीशी परिचित असलेल्या विद्यार्थ्याला हे उदाहरण सहज उमगणारे आहे.

तथापि, तेरणेतील नायट्रेट जसेच्या तसे उपसागरात पोचते असे सांगणे अशास्त्रीय ठरेल. वाटेत माकणी, निजामसागर यांसारखी धरणे आहेत. काही नत्र जिवाणूंच्या क्रियेने वायुरूपात परत जाते. धरणे गाळही अडवितात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाला मिळणारा गाळ घटल्याने तेथील किनाऱ्याची धूप वाढली आहे. एकाच नदीतून काय पोचते आणि काय पोचत नाही, हे दोन्ही प्रश्न प्रगत विद्यार्थ्यापुढे यावयास हवेत.

समारोप
१९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या स्थळांना भेट देण्याचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु त्यापूर्वी पावसाळ्याच्या आधी व नंतर तेरणेच्या पाण्यातील नायट्रेट आणि विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविणे अधिक फलदायी ठरेल. विंकलर पद्धतीने प्राणवायूचे मापन सामान्य प्रयोगशाळेतही शक्य आहे. परीक्षेतही संकटांची यादी न विचारता एखाद्या संकटाची कारणपरंपरा विचारली जावी. अन्यथा सागराचे संकट हे किनाऱ्यावरील लोकांचे संकट आहे, हा समज पदवीबरोबरच दृढ होत राहील.